सरकारी नोकर आणि संपाचा हक्क

११ जुलै १९४६ रोजीं हिंदुस्थानांतील टपालवाल्यांनीं व टपालखात्यांतील खालच्या दर्जाच्या नोकरांनीं संप सुरू केला. महायुद्ध संपून पुरतें वर्षही लोटलें नव्हतें. महागाईनें सर्वांस जेरीस आणलें होतें आणि तुटपुंज्या पगारांत या लोकांचा निभाव लागणें कठीण झालें होतें. जनतेची सहानुभूति त्यांच्याकडे होती. २९ जुलै रोजीं त्यांच्या पाठिंब्यासाठीं कलकत्त्यास सार्वत्रिक संप पाळण्यांत आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत टपालाचा हा संप मिटला. परंतु मधल्या दिवसांत त्याचा भार कोणावर पडला, याचा विचार केला म्हणजे सरकारी नोकरांच्या संपांतील मूळ पेंच ध्यानांत येतो. सरकारचा गाडा चाललाच होता. मुंबईच्या गिरणींत खपणारा कोंकणांतील चाकरमानी दरमहा जी मनिऑर्डर गांवीं धाडीत असे, ती मात्र अशा वेळीं अडून राहणार, आणि तिच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्या घरांतील चुलीपर्यंत त्या संपाची झळ पोंचणार. संप करणारा गरीब, आणि त्याची झळ सोसणाराही गरीब!

तेव्हां प्रश्न असा कीं, लोकांच्या पैशावर लोकांचें काम करणाऱ्या नोकरास संप करण्याचा हक्क असावा कीं नसावा? या प्रश्नास बहुतेक लोक आपापल्या परिस्थितीप्रमाणें ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें एका शब्दांत उत्तर देऊन मोकळे होतात. ज्याच्या घरांत सरकारी नोकर आहे, तो हक्काची बाजू घेतो. ज्याचें काम कचेरींत अडलें आहे, तो मनाईची बाजू घेतो. परंतु थोडा खोल विचार केला असतां असें दिसून येईल कीं, एका शब्दाचें उत्तर येथें पुरें पडत नाहीं.

प्रथम संप म्हणजे काय तें पाहूं. एकट्या कामगारानें पगार वाढवून मागितला तर मालक त्यास दाराबाहेरची वाट दाखवूं शकतो. सर्वांनीं मिळून काम थांबविलें, तर मात्र मालकास त्यांचें म्हणणें ऐकून घ्यावें लागतें. या झगड्यांत दोघांचेंही नुकसान होतें. कामगाराची रोजी बुडते, मालकाचा नफा बुडतो. आणि दोघांनाही झळ लागत असल्यामुळें दोघेही केव्हां ना केव्हां तडजोडीस येतात. कामगारानें अतोनात मागितलें तर कारखानाच बुडेल, हें भय त्याच्या मागणीस आवर घालतें.

सरकारी नोकरीला हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाहीं, असें मनाईची बाजू घेणारे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्यांत बरेंच तथ्य आहे. पहिली गोष्ट अशी कीं, सरकारचा नफा बुडत नाहीं. कचेरी बंद पडली तर मंत्र्याच्या खिशास चाट बसत नाहीं. दाखल्यासाठीं दहा कोस चालून आलेला शेतकरी रिकाम्या हातानें परत जातो. दुसरी गोष्ट, सरकारचें दिवाळें निघून नोकरी जाईल ही धास्ती सहसा नसल्यामुळें मागणीस आवर घालणारी शक्तीच नाहींशी होते. तिसरी गोष्ट, सरकारी तिजोरींतील पैसा कोणास किती द्यावयाचा हें लोकांनीं निवडून दिलेल्या विधिमंडळानें ठरवावयाचें असतें. एका संघटित वर्गानें काम अडवून तो निर्णय आपल्या बाजूनें वळवावा, हें लोकशाहीशीं सुसंगत कसें? शिवाय ज्यांना पेन्शन नाहीं, रजा नाहीं, उद्यांच्या रोजीची शाश्वति नाहीं, अशा कोट्यवधि शेतमजुरांच्या व हातावर पोट असणाऱ्यांच्या देशांत त्यांतल्या त्यांत सुरक्षित असलेल्या वर्गाच्या हातीं हें शस्त्र असावें काय, असाही सवाल केला जातो.

आतां दुसरी बाजू पाहूं. १९३८ सालीं मुंबई विधिमंडळापुढें औद्योगिक तंट्यांविषयींचें एक विधेयक आलें. समेटाची बोलणीं होईपर्यंत संपास मनाई करणारीं व मनाई मोडणारास शिक्षा सांगणारीं कलमें त्यांत होतीं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं त्या विधेयकास कडाडून विरोध केला. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा होता कीं, कामावर न जाणें हा फार तर कराराचा भंग होय, तो गुन्हा नव्हे. आणि शिक्षेचा धाक घालून माणसास त्याच्या इच्छेविरुद्ध कामास जुंपणें म्हणजे त्यास गुलाम करणें होय. संपाचा हक्क हें स्वातंत्र्याच्या हक्काचेंच दुसरें नांव आहे, अशी त्यांची भूमिका होती. ७ नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबईच्या कामगारांनीं त्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप पाळला. हा वाद गिरणीकामगारांपुरता होता हें खरें. परंतु मालक बदलला म्हणून माणसाचें माणूसपण बदलतें काय, हा त्याच्या पोटांतला प्रश्न सरकारी नोकरासही तितकाच लागू आहे. किंबहुना सरकार हें मालकही असतें, कायदा करणारेंही असतें आणि तंट्यांतील एक पक्षही असतें. अशा त्रिविध सामर्थ्यापुढें एकटा कारकून किंवा परिचारिका कोणत्या बळावर उभी राहणार?

आपल्या देशाच्या कायद्यानें या दोन बाजूंचा मेळ कसा घातला आहे? राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदानें संघटना स्थापण्याचा हक्क नागरिकांस दिला आहे. पण संघटनेच्या हक्कांत संपाचा हक्क येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा आहे. १९६२ सालीं बिहार सरकारच्या एका नियमासंबंधींच्या खटल्यांत न्यायालयानें सांगितलें कीं, नोकरांच्या शांततामय निदर्शनांवर सरसकट बंदी घालतां येणार नाहीं. संप हा मात्र मूलभूत हक्क नव्हे. केंद्र सरकारच्या नोकरांसाठीं १९६४ सालीं झालेल्या वर्तणूक नियमांत संपास स्पष्ट मनाई आहे, आणि राज्यांच्या नियमांतही तशीच तरतूद आढळते. यांखेरीज अत्यावश्यक सेवांविषयींचे कायदे आहेत. त्यांचा महाराष्ट्रांतील अवतार ‘मेस्मा’ या नांवानें परिचित आहे. त्याअन्वयें सरकार हुकूम काढून संप बेकायदा ठरवूं शकतें आणि संपवाल्यांस अटक करूं शकतें.

औद्योगिक कायद्याच्या कक्षेंत येणाऱ्या सार्वजनिक सेवांतील कामगारांची स्थिति थोडी निराळी आहे. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यानें लोकोपयोगी सेवांतील संपास सरसकट बंदी घातली नव्हती. आगाऊ नोटीस द्यावी, नोटिशीनंतर चौदा दिवस थांबावें आणि समेटाचें काम चालू असतांना संप करूं नये, अशा अटी घातल्या होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या औद्योगिक संबंध संहितेनें चौदा दिवसांच्या नोटिशीचें हें बंधन सर्वच औद्योगिक आस्थापनांस लागू केलें, आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनीं एकाच दिवशीं ठरवून नैमित्तिक रजा घेतली तर तोही संपच समजावा असें ठरविलें. तात्पर्य, एकाच शहरांत वाहनाचा चालक अटी पाळून कायदेशीर संप करूं शकतो, आणि कचेरींतील कारकुनास मात्र तो करतां येत नाहीं. चालक घरीं बसला तर शहर त्याच दिवशीं थांबतें. कारकून घरीं बसला तर बहुधा कागद कांहीं दिवस तुंबतात. कायद्याची रेषा कामाच्या निकडीवरून न आंखतां नोकरीच्या प्रकारावरून आंखली गेल्यामुळें ही विसंगति निर्माण झाली आहे.

आणि मनाईनें संप थांबले काय? इतिहास तसें सांगत नाहीं. दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशींनीं असंतुष्ट झालेल्या केंद्रीय नोकरांनीं जुलै १९६० मध्यें संप केला, वटहुकूम निघाला असतांही केला. १९ सप्टेंबर १९६८ रोजीं पुन्हां एक दिवसाचा संप झाला. त्याही वेळीं वटहुकूम आधींच निघाला होता. ८ मे १९७४ रोजीं रेल्वेचा देशव्यापी संप सुरू झाला. त्याचे पुढारी जॉर्ज फर्नांडिस यांना त्यापूर्वींच अटक झाली होती. हजारों लोक तुरुंगांत गेले, हजारों नोकऱ्या गेल्या, आणि २७ मे रोजीं संप मागें घ्यावा लागला. संपवाल्यांची एक मागणी बोनसची होती. तो बोनस रेल्वे नोकरांस १९७९ सालीं मिळाला. जी गोष्ट पांच वर्षांनंतर देतां आली, ती एखाद्या निःपक्ष मंडळापुढें मांडून वेळींच निकालांत काढण्याची सोय असती, तर त्या वीस दिवसांचें आणि त्यांतून झालेल्या संसारांच्या वाताहतीचें कारण कदाचित् उरलें नसतें.

महाराष्ट्रानेंही हा अनुभव घेतला आहे. केंद्राच्या दरानें महागाई भत्ता मिळावा या प्रमुख मागणीसाठीं राज्य सरकारी कर्मचाऱ्यांनीं १९७७-७८ सालीं केलेला संप ५४ दिवस चालला. त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनीं, १४ मार्च २०२३ रोजीं, जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठीं पुन्हां मोठा संप झाला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरींत आलेल्यांना महाराष्ट्रांत जुनें निवृत्तिवेतन बंद झालें होतें. पूर्वीं निवृत्तीनंतरची रक्कम निश्चित असे, ती आतां गुंतवणुकीच्या फळावर अवलंबून राहिली. म्हातारपणाची ही चिंता खोटी नव्हती. परंतु त्याच दिवसांत दहावी-बारावीच्या परीक्षा चालू होत्या, आणि अवकाळी पावसानें व गारपिटीनें ज्याचें पीक आडवें झालें होतें तो शेतकरी पंचनाम्यासाठीं तलाठ्याची वाट पाहत होता. सात दिवसांनीं, २० मार्च रोजीं, संप मिटला. ऑगस्ट २०२४ मध्यें राज्य मंत्रिमंडळानें केंद्राच्या धर्तीवर एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. म्हणजे वाटाघाटीनें मार्ग निघूं शकत होता. फक्त तो निघण्यास संपाचा धक्का आणि त्यानंतर सतरा महिने लागले.

मनाईच्या बाजूचा सर्वांत कठोर प्रसंग तामिळनाडूंत घडला. जुलै २००३ मध्यें तेथील सरकारनें संपावर गेलेल्या दीड लाखाहून अधिक नोकरांस एका फटक्यांत बडतर्फ केलें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. ६ ऑगस्ट २००३ च्या निकालांत न्यायालयानें म्हटलें कीं, सरकारी नोकरास संपाचा मूलभूत हक्क नाहीं, कायदेशीर हक्क नाहीं आणि नैतिक हक्कही नाहीं. तथापि त्याच निकालांत बहुतेकांना बिनशर्त माफी व पुढें नियम पाळण्याचें वचन यांवर कामावर परत घेण्याची वाट मोकळी झाली. यांतील बोध स्पष्ट आहे. दीड लाख माणसें काढून टाकून राज्य चालवितां येत नाहीं. जो कायदा पुरता अमलांत आणतां येत नाहीं, त्याचा धाक हळूहळू उतरतो. आणि संपानंतर नोकरांना बहुतेक वेळां परत घ्यावेंच लागतें, हें दोन्हीं पक्षांना पाठ होऊन जातें.

मग बंधन मुळींच नसावें काय? तेंही खरें नव्हे. ९ सप्टेंबर १९१९ रोजीं अमेरिकेंतील बोस्टन शहराच्या पोलिसांनीं संप केला. सुमारें दीड हजारांपैकीं अकराशेंहून अधिक पोलीस घरीं बसले. त्यांचे पगार कमी होते, कामाचे तास अवाच्यासवा होते, आणि संघटना करण्यासही त्यांस मज्जाव होता. पण रात्र पडतांच शहरांत लुटालूट माजली, सैनिक बोलवावे लागले, माणसें प्राणांस मुकलीं. सर्व संपवाले कायमचे बडतर्फ झाले. आणि त्यांच्या जागीं आलेल्या नव्या पोलिसांस, जुन्यांनीं मागितलेली पगारवाढ मिळाली! शस्त्र चुकीचें होतें, मागणी चुकीची नव्हती. १८ ऑगस्ट १९८२ रोजीं मुंबईच्या पोलिसांत असंतोषाचा स्फोट झाला, तेव्हांही शहरांत दंगली झाल्या आणि सैन्यास पाचारण करावें लागलें. ज्यांच्या गैरहजेरीनें तासाभरांत माणसाचा जीव धोक्यांत येतो, त्यांनीं काम सोडूं नये, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं.

लांबलेला संप कधीं कधीं संप करणारांसही कसा बुडवितो, याचें उदाहरण एस.टी.चें आहे. राज्य सरकारांत विलीनीकरण करावें या मागणीसाठीं ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेलें हें आंदोलन एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळलें. शेवटीं मुंबई उच्च न्यायालयानें २२ एप्रिलपर्यंत कामावर रुजू होण्यास सांगितलें. विलीनीकरण झालें नाहीं. इकडे आडगांवांतील विद्यार्थ्यास शाळा गांठण्याचें आणि रोग्यास तालुक्याचा दवाखाना गांठण्याचें एकमेव साधन कित्येक महिने बंद पडलें. तिकडे कर्मचाऱ्यांच्या घरीं पगार थांबला.

इतर देशांनीं या कोड्यांतून वाट कशी काढली? जर्मनींत आजीवन नेमलेल्या सरकारी सेवकांस, आणि त्यांत पुष्कळ शिक्षकही येतात, संपाचा हक्क नाहीं. तेथील घटना न्यायालयानें १२ जून २०१८ रोजीं तसा निर्णय दिला, आणि १४ डिसेंबर २०२३ रोजीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेंही तो उचलून धरला. परंतु त्या मनाईच्या बदल्यांत राज्यानें त्यांना आजन्म नोकरीची हमी दिली आहे. त्यांच्या दर्जास शोभेल असा निर्वाह देणें हें राज्याचें घटनात्मक कर्तव्य आहे, आणि पगार अपुरा वाटल्यास न्यायालयांत दाद मागतां येते. करारावर काम करणाऱ्या इतर सार्वजनिक नोकरांस तेथें संप करतां येतो. फ्रान्सनें सरकारी नोकरांचा संपाचा हक्क मान्य केला, मात्र पोलिसांस त्या हक्कांतून वगळलें, आणि १९६३ च्या कायद्यानें पांच दिवसांची नोटीस आवश्यक केली. इटलीनें १९९० सालीं कायदा करून संपाच्या काळांतही किमान सेवा चालू राहिली पाहिजे असें ठरविलें. तेथें रेल्वेचा संप असला तरी कामाच्या दिवशीं सकाळीं ६ ते ९ आणि सायंकाळीं ६ ते ९ या वेळांत ठराविक गाड्या धांवतात, आणि त्या कोणत्या हें प्रवाशास आधीं कळतें. या तिन्हीं देशांच्या रीति भिन्न आहेत. पण कोणीही नुसती मनाई करून हात झटकले नाहींत, कीं नुसता हक्क देऊन जनतेस वाऱ्यावर सोडलें नाहीं.

आपल्याकडेही या दिशेनें एक पाऊल पडलें होतें. १९६० च्या संपानंतर विचार सुरू होऊन १९६६ सालीं केंद्रीय नोकरांसाठीं संयुक्त सल्लागार यंत्रणा स्थापन झाली. सरकारचे व नोकरांचे प्रतिनिधि एकत्र बसून बोलणीं करतात, आणि एकमत न झाल्यास प्रश्न लवादाकडे जातो. परंतु सक्तीच्या लवादास तीनच विषय मोकळे आहेत: पगार व भत्ते, आठवड्याचे कामाचे तास, आणि एखाद्या वर्गाच्या रजा. निवृत्तिवेतन त्यांत नाहीं. लवादाचा निवाडा बदलण्याचा अंतिम अधिकार संसदेकडे राखला आहे. म्हणजे दार आहे, पण तें अर्धेंच उघडतें. आणि ज्या प्रश्नावरून आज नोकरांच्या मनांत सर्वांत अधिक खळबळ आहे, त्यास तें बंद आहे.

या सर्व विवेचनाचा निष्कर्ष असा निघतो. संपाचा हक्क आणि न्यायाची खात्री हीं एकाच तराजूचीं दोन पारडीं आहेत. एकांतून जितकें काढावें, तितकें दुसऱ्यांत घातलें पाहिजे. सैन्य, पोलीस, अग्निशामक दल, अतिदक्षता कक्ष यांतील सेवकांस संप नसावा. पण म्हणूनच त्यांच्या गाऱ्हाण्यांसाठीं निःपक्ष, बंधनकारक आणि ठराविक मुदतींत निकाल देणारा लवाद असावा. पाणी, वीज, वाहतूक, रुग्णालयें यांत नोटीस, समेटाचा प्रामाणिक प्रयत्न आणि किमान सेवेची हमी या अटींवर संपास वाव असावा. जेथें काम कांहीं दिवस थांबल्यानें गैरसोय होते पण कोणाच्या जिवावर बेतत नाहीं, अशा साध्या कचेऱ्यांत नोटीस देऊन, त्या दिवसांच्या पगारावर पाणी सोडून संप करणारास गुन्हेगार समजूं नये.

मग लोकांच्या तिजोरीवर विधिमंडळाचा अधिकार राहिला कोठें, अशी शंका कोणी घेईल. त्याचें उत्तर असें कीं, लवादाचा निवाडा विधिमंडळास नाकारतां यावा. पण तो उघड सभागृहांत, कारणें देऊन व मतें नोंदवून नाकारावा. कारणें छापून आलीं म्हणजे शेतमजुरासही कळेल कीं कोणाच्या वाट्यास काय आलें आणि कां आलें.

नोकरांवरही एक कर्तव्य येतें. ज्याच्या कामासाठीं आपली नेमणूक झाली त्या सामान्य माणसास वेठीस धरून मिळविलेला विजय फार दिवस टिकत नाहीं, कारण पुढच्या लढ्याच्या वेळीं तो माणूस पाठीशीं उभा राहत नाहीं. १९४६ च्या टपालवाल्यांमागें एक सबंध शहर उभें राहिलें, तें रोजच्या दारावरच्या हाकेनें जुळलेल्या ऋणानुबंधामुळें. तो ऋणानुबंध जपणें हें नोकरांचें काम, आणि तो तोडण्याची पाळी टपालवाल्यावर येऊं न देणें हें सरकारचें काम आहे.